घरातला लाईट मध्येच डिम-फुल होतो: खोट नक्की कुठे शोधायची?

डिमफुल
इमारत १९९४ ची, तिसरा मजला, सिंगल फेज मीटर. मीटर तळमजल्यावर, तिथून वर फ्लॅटपर्यंत वायर, दारामागे मेन स्विच आणि सहा एमसीबींचा (करंट जास्त झाला की आपोआप पडणारी बटणं) डबा. आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळला की वीज तोडणारा स्विच) नाही. तक्रारी तीन आहेत आणि त्यांचा एकमेकींशी संबंध आहे का, तेच कळत नाहीये.

एक, हॉल आणि बेडरूमचे दिवे एकदम मंद होतात, सेकंद-दोन सेकंद फडफडतात, परत नीट. सकाळी जास्त. दोन, पॅसेजमधला ९ वॉटचा एलईडी बल्ब बटण बंद केल्यावरही रात्री काजव्यासारखा मिणमिणतो. तीन, बाथरूमची एलईडी पट्टी दहा-पंधरा मिनिटं व्यवस्थित चालते, मग सेकंदाला एकदा चालू-बंद, चालू-बंद.

बल्ब बदलून झाले. इलेक्ट्रिशियनने दोन बटणंही बदलली. फरक शून्य. मल्टिमीटर घरात आहे आणि वापरता येतो. सुरुवात कुठून करू?

शेंगदाणाचिक्की
बटणं बदलायच्या आधी त्याने मीटर लावून बघितलं होतं का? नसेलच.

ओहमशांती
तीन तक्रारी म्हणजे तीन वेगळे आजार आहेत, एकत्र करू नका. दुसरा आणि तिसरा त्या-त्या दिव्यापुरता आहे. पहिला महत्त्वाचा, कारण दोन खोल्या एकाच वेळी मंद होतायत.

आधी व्याप्ती पक्की करा. त्याच क्षणी काय काय मंद होतं ते बघा: एकच दिवा, एका बोर्डावरचे सगळे, एका एमसीबीवरचे सगळे, अख्खं घर, की शेजारीही? टीव्ही आणि मोबाईलचा चार्जर पुरावा म्हणून धरू नका, त्यांना १०० व्होल्ट काय आणि २४० काय, सारखंच. पंखाही फसवतो, पातं जडत्वाने फिरत राहतं. खरा साक्षीदार म्हणजे जुना तारेचा १०० वॉटचा बल्ब. व्होल्टेज ५ टक्के पडलं की त्याचा उजेड साधारण १५-१६ टक्के घटतो, डोळ्याला लगेच कळतं. असला एक बल्ब होल्डर आणि टॉप (प्लग) लावून ठेवा, वेगवेगळ्या सॉकेटला लावून बघता येतो.

दुसरं, मंद होतं तेव्हा घरात काय चालू झालेलं असतं? गीझर, फ्रिज, इस्त्री, मिक्सर, सोसायटीचा पाण्याचा पंप. सकाळी जास्त म्हणताय म्हणजे माझा संशय गीझरवर. गीझर बिघडलाय असं नव्हे. तो ओढतो त्या करंटने कुठलातरी लूज जोड उघडा पडतोय.

डिमफुल
शेजारी विचारलं, त्यांच्याकडे काही नाही. आमच्या घरात मात्र सगळीकडे होतं, स्वयंपाकघरातही. आणि हो, गीझर २ किलोवॉटचा आहे, मंद होतं ते बहुतेक तो चालू असतानाच. पंप चालू होतो तेव्हा नाही.

तीनबावीस
मग न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) लूज आहे. पैज.

ओहमशांती
पैज बरोबर निघेल बहुतेक, पण मोजून घेऊ. फेजचा जोड लूज आहे की न्यूट्रलचा, हे डबा न उघडता सॉकेटवरच कळतं. अट एकच, अर्थिंग जिवंत हवं.

हॉलमधलं एखादं तीन पिनी सॉकेट घ्या, गीझरच्या लाईनवरचं नको. समोरून बघताना वरचं मोठं भोक अर्थ, उजवं फेज, डावं न्यूट्रल. जुन्या घरात डावं-उजवं उलट निघतं, म्हणून आधी टेस्टरने खात्री करा. मल्टिमीटरची लाल पिन व्होल्टच्या भोकात आहे ना, हे दोनदा बघा. ती १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि तशीच सॉकेटात घातली, तर ते थेट शॉर्ट सर्किट होतं. नॉब एसी व्होल्टवर, ६०० ची रेंज.

सॉकेटला आतून झडप असेल तर मीटरची पिन आत जात नाही. झडप खिळ्याने वगैरे उघडू नका. एका टॉपला तीन वायरी जोडा, दुसरी टोकं बंद डब्यातल्या कनेक्टर पट्टीत घ्या आणि पट्टीच्या स्क्रूंवर मोजा.

तीन मोजमापं: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. आधी गीझर बंद ठेवून, मग दुसऱ्या कोणाला गीझर चालू करायला सांगून. सहा आकडे इथे टाका.

मिणमिणता
न्यूट्रल-अर्थ कशासाठी? न्यूट्रल म्हणजे शून्यच ना?

ओहमशांती
ट्रान्सफॉर्मरपाशी शून्य. घरापर्यंत येताना वायरीत जेवढं व्होल्टेज खर्च होतं तेवढा न्यूट्रल वर उचलला जातो. व्यवस्थित घरात लोड चालू असताना १ ते ३ व्होल्ट दिसतात. वाटेत न्यूट्रलचा जोड लूज असेल तर लोड टाकल्याबरोबर हा आकडा उडी मारतो आणि फेज-अर्थ जवळपास जागेवर राहतो. उलट फेजचा जोड लूज असेल तर फेज-अर्थ पडतो आणि न्यूट्रल-अर्थ हलत नाही. फेज-अर्थ मुळातच ४०-५० किंवा असंच काही विचित्र आलं तर अर्थिंगच तुटलंय, मग ही चाचणी निरुपयोगी. आणि ते वेगळं दुखणं आधी दुरुस्त करायचं.

डिमफुल
हे घ्या.
गीझर बंद: फेज-न्यूट्रल २३२, फेज-अर्थ २३३, न्यूट्रल-अर्थ १.
गीझर चालू: फेज-न्यूट्रल २१९ (२१४ ते २२५ मध्ये नाचतो), फेज-अर्थ २३२, न्यूट्रल-अर्थ १३ (तोही नाचतो).

तीनबावीस
जिंकलो.

ओहमशांती
नमुनेदार. फेज १ व्होल्टने हलला, न्यूट्रल १२ ने उचलला गेला. २ किलोवॉटचा गीझर २१९ व्होल्टवर साधारण ८.३ अँपिअर ओढतो. १२ व्होल्ट भागिले ८.३ म्हणजे जवळजवळ दीड ओहम. आता १२ गुणिले ८.३ करा: १०० वॉट. एवढी उष्णता एका स्क्रूच्या टोकाशी, गीझर चालू असेपर्यंत, रोज. इस्त्रीच्या सातव्या-दहाव्या हिश्श्याएवढा चटका वाटाण्याएवढ्या जागेत. दिवे डिम होतात हा त्रास किरकोळ आहे, खरा प्रश्न हा आहे.

वायरच्या लांबीमुळे पडलं असेल का? दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरचा रोध १०० मीटरला सव्वा ओहमच्या आसपास, अडीचचा ०.८ च्या आत. तुमची मेन निदान ४ ची असणार, तिचा १०० मीटरला अर्धा ओहम. तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या १५-२० मीटरमध्ये एका वायरीत ०.१ ओहमही होत नाही, म्हणजे ८ अँपिअरला एक व्होल्टही नाही. शिवाय वायरच्या रोधाने आकडा स्थिर पडतो, नाचत नाही. नाचतो तो जोड.

खोट दुरुस्त होईपर्यंत गीझर लावू नका.

मीटररूम
इथे एक गोष्ट मोठ्या अक्षरात. धागाकर्त्यांकडे (डिमफुल यांच्याकडे) दिवे मंद होतायत. कोणाच्या घरी दिवे नेहमीपेक्षा भगभगीत होत असतील, पंखा जोरात पळत असेल, तर मोजत बसू नका. मेन स्विच पाडा, टीव्ही-फ्रिजचे टॉप काढा आणि मग फोन करा. एकाचे दिवे भगभगीत आणि शेजाऱ्याचे मंद, म्हणजे इमारतीचा कॉमन न्यूट्रल सुटतोय.

इमारतीत तीन फेज येतात आणि फ्लॅट त्यांवर वाटलेले असतात. दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट. कॉमन न्यूट्रल सुटला की दोन वेगळ्या फेजवरची घरं एकामागे एक जोडल्यासारखी त्या ४०० वर लटकतात. एका घरात १०० वॉटचा लोड आणि दुसऱ्यात १००० वॉटचा असेल, तर १०० वॉटवाल्याला ३६० व्होल्टच्या वर मिळतात आणि १००० वॉटवाल्याला ४० च्या आत. म्हणजे ज्याने काही लावलेलंच नाही त्याचा फ्रिज जळतो. साधी एमसीबी यावर पडत नाही, कारण तिला करंट कळतो, व्होल्टेज कळत नाही. अंडर-ओव्हर व्होल्टेज प्रोटेक्टर डब्यात बसवता येतो, साधारण १७० च्या खाली आणि २७० च्या वर तोडतो. जुन्या इमारतीत बसवावाच, असं माझं मत.

डिमफुल
शेजारी नीट आहे म्हणजे आमचा न्यूट्रल मीटरपासून डब्यापर्यंत कुठेतरी, बरोबर?

मीटररूम
बरोबर. जागा साधारण पाच:
मीटरचं आउटगोइंग टर्मिनल. मीटरखालचा कटआउट किंवा किटकॅट (चिनीमातीचा, ओढून काढायचा) फ्यूज, आणि शेजारची न्यूट्रल लिंक. वाटेत जिन्याच्या डक्टमध्ये कोणी जोड दिला असेल तर तो. घरातल्या मेन स्विचचे दोन्ही बाजूंचे स्क्रू. आणि डब्यातली न्यूट्रल पट्टी, जिथे सगळ्या न्यूट्रल वायरी एकत्र येतात.

मीटर आणि त्याच्या आधीचं सगळं महावितरणचं, सीलबंद. त्याला हात नाही. तिथे खोट निघाली तर १९१२ वर तक्रार. मीटरनंतरचं तुमचं, पण ते परवानाधारक वायरमनकडूनच. डब्याचं झाकण उघडं ठेवून चालू लाईनवर मोजायचं काम घरच्या माणसाचं नाही. मेन पाडला तरी मेनच्या वरच्या बाजूचे स्क्रू जिवंत असतात, हे लोक विसरतात.

तीनबावीस
वायरमन आला की त्याला हे सांगा, नाहीतर तो सगळे स्क्रू आवळून निघून जाईल आणि दोन महिन्यांनी परत तेच.

गीझर चालू ठेवायचा. मीटरची एक पिन मेन स्विचच्या न्यूट्रलच्या बाहेर पडणाऱ्या स्क्रूवर, दुसरी न्यूट्रल पट्टीच्या पितळेवर. वायरीवर नाही, पितळेवर. एकाच न्यूट्रलचे हे दोन बिंदू, मध्ये वीतभर वायर. आकडा शून्य यायला हवा, फार तर ०.१. तिथे १२ आले की जागा सापडली. नाही आले तर एक-एक जोड मागे सरकायचं: मेन स्विचचा आत येणारा आणि बाहेर जाणारा न्यूट्रल, मग खाली मीटर रूममध्ये. जोडाच्या दोन बाजूंना पिना लावल्या की जोड स्वतःच बोलतो. टेस्टरने हे सापडत नाही.

आणि आवळण्याआधी प्रत्येक वायर हाताने ओढून बघायची. मेन पाडून, तपासून, मगच. स्क्रू घट्ट लागतो पण वायर हातात येते, अशी गंमत एमसीबीत नेहमी दिसते. एमसीबीच्या तोंडात स्क्रूबरोबर वर-खाली होणारा लोखंडी जबडा असतो. स्क्रू पूर्ण सैल न करता वायर घातली की ती जबड्यात न जाता त्याच्या मागच्या फटीत शिरते. वरून सगळं छान दिसतं. स्क्रूही आवळतो. वायर मात्र नुसती टेकलेली.

शेंगदाणाचिक्की
आमच्याकडे वायरीचं रबरच स्क्रूखाली दाबलेलं होतं. तांबं म्हणजे तोंडी लावायला.

तीनबावीस
तेही. सोलायचं १० ते १२ मिलिमीटर, मोजून. कमी सोललं तर रबर दाबलं जातं, जास्त सोललं तर उघडं तांबं बाहेर राहतं.

डिमफुल
वायरमन आला. मेन स्विचच्या आत आणि बाहेर व्यवस्थित, २३० च्या आसपास. मेनच्या न्यूट्रल स्क्रूपासून पट्टीपर्यंत ११ ते १३ व्होल्ट, नाचणारे.

मेन पाडून बघितलं. पट्टीला येणारी मुख्य न्यूट्रल वायर अनेक तारांची आहे, त्यातल्या अर्ध्याच तारा भोकात होत्या, बाकीच्या बाहेरून वळवलेल्या. वायरीचं काळं रबर टोकापासून दोन बोटं कडक झालंय आणि त्याला चिरा पडल्यात. तांबं जांभळट-काळं. पितळी पट्टीचं ते एक भोक इतर भोकांपेक्षा गडद आणि स्क्रूचं डोकं निळसर. वायरमन म्हणतोय स्क्रू आवळतो, झालं. बरोबर आहे का?

ओहमशांती
नाही. भाजलेलं तांबं मऊ पडतं, वर ऑक्साइडचा थर असतो. आवळलं तर आठ दिवस बरं चालेल. वायर चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापायची, तुमच्या वर्णनावरून ४०-५० मिलिमीटर. तेवढी लांबी शिल्लक नसेल तर मेनपासून पट्टीपर्यंत वीतभर नवीन वायर, त्याच जाडीची किंवा एक पायरी वरची. सगळ्या तारा एका पिन लगमध्ये (वायरीच्या टोकाला चढवायची धातूची पिन) घालून क्रिंपिंगच्या पक्कडीने दाबायच्या, साध्या पक्कडीने चेपायच्या नाहीत. पट्टीसुद्धा बदला. तापलेल्या पितळेचे आटे गेलेले असतात, स्क्रू लागल्याचा भास होतो.

मिणमिणता
तारांना डाख लावला तर? म्हणजे एकसंध होईल.

तीनबावीस
स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला डाख कधीच नाही. शिसं-कथिल दाबाखाली हळूहळू पसरतं आणि सहा महिन्यांत स्क्रू आपोआप सैल. लग नसेल तर टोक दुमडून दुहेरी करून घाला.

मीटररूम
जुन्या इमारतींसाठी पुरवणी: मेनची वायर ॲल्युमिनियमची असेल तर हे सगळं जास्त लवकर होतं. ॲल्युमिनियम हवा लागताच वर न दिसणारा, वीज न वाहणारा थर धरतं, आणि स्क्रूच्या दाबाखाली चेपत जातं. तांब्याला पीळ देऊन जोडलं आणि वर ओलावा मिळाला तर सांध्यावर पांढरी पूड धरते. तांबं-ॲल्युमिनियमचा जोड द्यायचाच तर बायमेटल लग (एक बाजू तांब्याची, एक ॲल्युमिनियमची), आणि घासून साफ केल्याबरोबर जोडांची पेस्ट. काळी टेप गुंडाळणं हा त्यावर इलाज नाही.

डिमफुल
नवीन वायर, पिन लग, नवीन पट्टी. गीझर चालू असताना मेनपासून पट्टीपर्यंत ०.०. हॉलच्या सॉकेटवर गीझर बंद २३२, चालू २३०. न्यूट्रल-अर्थ २. दिवे हललेसुद्धा नाहीत.

आता पॅसेजचा काजवा.

बायोनेट
बटण बंद असताना मिणमिणण्याची कारणं ठरलेली आहेत आणि ती एकेक करून वगळता येतात.

बटणावर अंधारात दिसावं म्हणून बंद असताना पेटणारा लाल इंडिकेटर आहे का? असेल तर तोच चोर. तो निऑन बटणाच्या दोन्ही टोकांवर जोडलेला असतो, त्यातून एक मिलिअँपिअरहून कमी करंट बल्बमधून जातो. जुन्या तारेच्या बल्बला एवढ्याने काही होत नसे. एलईडीच्या ड्रायव्हरमधला (दिव्यातलं एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) कपॅसिटर मात्र थेंब-थेंब भरतो, भरला की बल्ब क्षणभर पेटतो, रिकामा होतो, परत भरायला लागतो. म्हणून काजवा. साधं बटण लावा, संपलं.

इंडिकेटर नसेल तर बटण फेजवर आहे की न्यूट्रलवर, ते बघा. बल्ब काढा, बटण बंद करा, होल्डरच्या दोन्ही पिनांना टेस्टर लावा. एखादी पिन ठणठणीत पेटली तर बटण न्यूट्रल तोडतंय. हे नुसतं मिणमिणण्यापुरतं नाही. बटण बंद करून बल्ब बदलणाऱ्याचा हात जिवंत पिनेला लागतो. बोर्डात फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल करून घ्या.

दोन्ही नसेल, आणि पॅसेजला दोन ठिकाणांहून चालणारी टू-वे बटणं असतील, तर एकाच पाइपातून लांबवर समांतर गेलेल्या वायरींमधून व्होल्टेज झिरपतं. मल्टिमीटरने बघितलं तर बंद बटणावर ५०-८० व्होल्ट दिसतात आणि माणूस घाबरतो. ते भूत आहे. मीटरचा रोध साधारण १० मेगाओहम असतो, त्याला एवढंसं झिरपलेलंही व्होल्टेज दिसतं. त्याच जागी तारेचा १५ किंवा ४० वॉटचा बल्ब लावा, मीटर शून्य दाखवेल. त्यावर इलाज: होल्डरपाशी फेज आणि न्यूट्रलमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, अंगावर एक्स-टू आणि २७५ व्होल्ट एसी छापलेलाच.

मिणमिणता
पंख्यातला जुना २.५ मायक्रोफॅरडचा लावला तर चालेल? पडलेला आहे.

बायोनेट
नाही. एक तर पंचवीसपट मोठा, दिवा लागलेला असेपर्यंत उगाच करंट ओढत राहील. दुसरं, एक्स-टू प्रकार बिघडला तर आग न लागता उघडा पडेल, असा बनवलेला असतो. पंख्याच्या जुन्या कपॅसिटरची तशी हमी नाही.

डिमफुल
बटणावर लाल ठिपका आहेच. इलेक्ट्रिशियनने नवीन बटण लावलं तेव्हाच तो आला, आता आठवलं. म्हणजे काजवा त्याच दिवशी जन्माला आला.

शेंगदाणाचिक्की
😄 पैसे देऊन पाळला.

बायोनेट
तिसरी तक्रार: दहा-पंधरा मिनिटांनी लुकलुकायला लागतं, म्हणजे गरम झाल्यावर. पट्टी काढून हॉलच्या जागी लावा आणि हॉलची बाथरूममध्ये. लुकलुक पट्टीबरोबर गेली तर ड्रायव्हर. बाथरूममध्येच राहिली तर जागेवरचा जोड.

ड्रायव्हर असेल तर आतला कपॅसिटर वाफेने आणि उष्णतेने सुकलेला असतो, किंवा एखाद्या एलईडीचा जोड गरम झाला की सुटतो, ड्रायव्हर स्वतःला बंद करतो, थंड होतो, परत प्रयत्न करतो. ठरावीक ठेक्यातली लुकलुक दिव्याच्या आतून येते. लूज जोडाला ठेका नसतो, तो वाट्टेल तेव्हा फडफडतो. हा भेद कानात ठेवा, निम्मी खोट इथेच कळते.

बल्ब असेल तर त्याचं बूड बघा. बायोनेट टोपीच्या तळाला शिशाचे दोन फुगीर ठिपके असतात. दोन्ही चकचकीत असतील तर होल्डर ठीक. एखाद्यावर मोहरीएवढा काळा खड्डा असेल, तर होल्डरची ती पिन वर येत नाहीये, मधल्या फटीतून ठिणगी उडतेय. एमसीबी पाडा, होल्डरची पिन बोटाने दाबून सोडा. उसळून वर यायला हवी. आळसावलेली असेल तर होल्डर बदला, स्प्रिंग ताणत बसू नका. आणि खड्डा पडलेला बल्ब नव्या होल्डरला लावू नका, तो नवी पिनही खातो.

मिणमिणता
माझ्याकडे तर सगळे दिवे दर चार-पाच सेकंदांनी एकदा लुकतात, आणि इन्व्हर्टरमधून टक-टक आवाज येतो. हेच का?

ओहमशांती
इन्व्हर्टरवरचेच दिवे लुकतात की सगळे? इन्व्हर्टरवरचेच असतील तर त्याचा रिले मेन आणि बॅटरीमध्ये उड्या मारतोय. मागचं बटण बघा. यूपीएस मोडवर तो साधारण १८० ते २६० व्होल्टमध्येच मेन स्वीकारतो, नॉर्मल मोडवर १०० च्या आसपासपर्यंत खाली चालवून घेतो. संध्याकाळी तुमचं व्होल्टेज १८० च्या काठावर असेल तर आत-बाहेर होणारच. नॉर्मलवर टाकून टक-टक थांबली तर इन्व्हर्टर निर्दोष, व्होल्टेज कमी आहे किंवा त्याच्या आधीचा जोड लूज आहे. वरची तीन मोजमापं तुम्हीही घ्या.

सागरीवारा
आमचं घर रत्नागिरीकडचं, कौलारू. वारा सुटला की सगळे दिवे फडफडतात, वारा थांबला की ठीक. पावसाळ्याच्या तोंडाशी जास्त.

तीनबावीस
वाऱ्याबरोबर होतं म्हणजे घरात शोधू नका. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर, तिचे खांबावरचे जोड, नाहीतर घराच्या भिंतीवरचा जोड. रात्री वारा असताना लांबून खांबाकडे बघा, निळी-पांढरी ठिणगी दिसली तर प्रश्न मिटला. १९१२ वर सांगताना नुसतं 'लाईट डिम आहे' म्हणू नका, 'खांबावर सर्व्हिस वायरचा जोड लूज आहे, ठिणग्या उडतायत' म्हणा आणि खांबावरचा नंबर द्या. बांबूने वायर हलवून बघणारे असतात, ते करू नका. ओला बांबू वीज वाहतो.

खाऱ्या हवेत तांब्यावर हिरवा थर आणि ॲल्युमिनियमवर पांढरी पूड दोन-तीन पावसाळ्यांत येते. आणि वायर भिंतीच्या पाइपात शिरते तिथे तिला आधी खाली झोळ हवा. वायर वरून सरळ पाइपात उतरत असेल तर पाणी तिच्या अंगावरून थेट मीटरपर्यंत जातं.

सागरीवारा
झोळ नाहीये. पाइपाचं तोंडही वर आहे.

तीनबावीस
मग मीटरच्या पाटीवर ओल असणार. पाइपाला खाली तोंड करणारा बाक लावून घ्या, लाईनमन येईल तेव्हाच, लाईन बंद असताना.

परसदार
न्यू जर्सीत लाकडी घर. अर्ध्या घराचे दिवे उजळतात तेव्हा उरलेल्या अर्ध्याचे मंद होतात, मायक्रोवेव्ह लावला की. इथे १२० व्होल्ट. हाच प्रकार का?

मीटररूम
हाच, आणि तातडीचा. तुमच्याकडे १२०-१२० च्या दोन बाजू असतात, दोन्हींची बेरीज २४०, मध्ये न्यूट्रल. न्यूट्रल लूज झाला की एक बाजू १०० ला उतरते आणि दुसरी १४० ला चढते. बेरीज तीच. पॅनेलमध्ये दोन्ही बाजू न्यूट्रलशी मोजल्या की लगेच कळतं, पण ते इलेक्ट्रिशियनला करू द्या. मेन पाडा आणि आजच वीज कंपनीला फोन करा, बाहेरून येणारा न्यूट्रल तेच तपासतात. तो ठीक निघाला तर पॅनेल. हे सोडून एकाच खोलीत कधी नुसती फडफड झाली तर सॉकेटच्या मागे बघायला सांगा. तिकडे वायर स्क्रूखाली न घेता मागच्या भोकात नुसती खोचण्याची पद्धत आहे, ती पकड कालांतराने ढिली पडते.

शेंगदाणाचिक्की
एक शंका. आधी तारेचे बल्ब होते तेव्हा असलं काही होत नव्हतं. एलईडी आले आणि सगळी वायरिंग एकदम खराब झाली?

ओहमशांती
वायरिंग तेव्हाही तशीच होती. तारेच्या बल्बची तार तापलेली असते, एखादा क्षण वीज गेली तरी ती उजळ राहते, त्यामुळे छोटे खंड दिसत नसत. एलईडीतला कपॅसिटर बारका असला की तोच खंड डोळ्यावर येतो. आणि ६० वॉटचा बल्ब पाव अँपिअर ओढायचा, बटणाच्या टोकांवरचा पातळ थर त्या करंटने जळून साफ व्हायचा. ९ वॉटच्या एलईडीचा करंट ४० ते ८० मिलिअँपिअर, त्याला तो थर फोडता येत नाही. म्हणून वर्षानुवर्षं चाललेलं बटण बल्ब बदलल्यावर अचानक 'दोनदा दाबावं लागतं' असं वागतं.

स्वस्त बल्बात ड्रायव्हर आणि एलईडी एकाच पत्र्यावर असतात, व्होल्टेज थोडं पडलं की ते थेट मंद होतात. वेगळा ड्रायव्हर असलेले १०० ते ३०० व्होल्टपर्यंत उजेड बदलू देत नाहीत. डिम-फुलला कंटाळून कोणी तसले बल्ब लावले, तर दिवे स्थिर दिसतील आणि लूज न्यूट्रल पट्टी मागे शांतपणे भाजत राहील. त्यामुळे धागाकर्त्यांच्या हातून चुकून बरंच झालं म्हणायचं.

डिमफुल
पट्ट्यांची अदलाबदल केली. बाथरूमची पट्टी हॉलमध्ये बाराव्या मिनिटाला लुकलुकायला लागली, हॉलची बाथरूममध्ये तासभर स्थिर. म्हणजे ड्रायव्हर. पॅसेजला साधं बटण लावलं, काजवा गेला. एकच राहिलंय: वायरमन म्हणतोय डब्यात आरसीसीबी बसवू, पण बसवल्यावर सारखी पडेल.

तीनबावीस
पडेल, जर कुठल्या तरी बोर्डात न्यूट्रल अर्थला टेकला असेल, किंवा लाईनींना वेगवेगळ्या आरसीसीबी बसवल्या आणि दोन लाईनींचे न्यूट्रल मिसळलेले असतील. मेन पाडा, सगळ्या न्यूट्रल वायरी पट्टीतून सोडवा, सगळे टॉप काढा, दिव्यांची बटणं बंद करा, आणि प्रत्येक न्यूट्रलचा अर्थशी रोध बघा. जी वायर काही किलोओहम किंवा त्याहून कमी दाखवेल तिच्या लाईनीत खोट. मग दोन-दोन न्यूट्रल आपसांत तपासा, सुटलेले असताना त्यांच्यात जोड दिसता कामा नये. ३० मिलिअँपिअरची घ्या, मेन एमसीबीच्या अँपिअरहून कमी नको. ६३ ची असेल तर ६३.

डिमफुल
हॉल आणि बेडरूमचे न्यूट्रल आपसांत ०.४ ओहम दाखवतायत.

तीनबावीस
दोन्हींच्या मधल्या भिंतीवर टू-वे बटण आहे का? पंख्याचं किंवा दिव्याचं? तो बोर्ड उघडायला सांगा.